उपाशी टाकी

आम्ही त्या गावात पोहोचलो तेव्हा तिथे पुढील गोष्टी होत्या: घरं तेवीस, माणसं एकसष्ट, छपरांवरच्या सौर पाट्या एकशे चार, पवनचक्की एक (चालू), भाजीचे वाफे एकशे ऐंशीच्या वर (पुढची मोजणी पैलवानानं मध्येच बोलून चुकवली), गोठा एक, गोठ्यात गाई शून्य. त्यात आमची भर पडली: विद्यार्थी चौदा, मॅडम एक, बॅगा एकवीस.

मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. या सहलीसाठी मी कपड्यांचे दोन जोड कमी घेतले आणि त्या जागी वजनकाटा भरला, त्यामुळे विमानात बसायच्या आधीच माझं नाव वजनकाटा पडलं होतं. मला त्याचा राग नाही. पैलवानाला पैलवान म्हणतात ते तो कुस्ती खेळतो म्हणून नव्हे, जेवतो म्हणून. त्यापेक्षा माझं नाव बरं!

तर गाव परदेशातलं, डोंगराच्या कुशीतलं, आणि साधंसुधं अजिबात नव्हे. वीज स्वतःची, पाणी स्वतःचं, भाजी स्वतःची, विटासुद्धा स्वतःच्या. दर वर्षी ते लोक जगभरातून एकाच कॉलेजच्या मुलांना पंधरा दिवस राहायला बोलावतात. यंदा एकशे बारा अर्ज आले होते आणि निवड झाली आमची! मॅडमनी हे वर्गात सांगितलं तेव्हा चौदा छात्या एकदम इतक्या फुगल्या की वर्गात हवा कमी पडली. बसमधून गावात उतरण्याआधी मी सगळ्यांना उद्देशून छोटंसं भाषण केलं. म्हटलं, आपण इथून जाऊ तेव्हा या लोकांनी म्हटलं पाहिजे की असे पाहुणे आजवर झाले नाहीत.

ते त्यांनी म्हटलं. त्याबद्दल तक्रार नाही.

पहिल्याच दिवशी आम्हाला गाव दाखवायला एक साठीच्या बाई आल्या. उंच, खांद्यानं रुंद, हातावर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे डाग. नाव उच्चारायला अवघड होतं, म्हणून आम्ही त्यांना मावशी म्हणू लागलो. मावशींना ते आवडलं. त्यांना स्वतःबद्दलचं बहुतेक सगळंच आवडायचं. विटांची भट्टी त्यांनी दोन मिनिटांत उरकली, पवनचक्की लांबूनच दाखवली, आणि पाहुणघरामागच्या टाकीपाशी येऊन थांबल्या त्या थांबल्याच.

टाकी म्हणजे विहिरीसारखा गोल खड्डा, आणि त्यावर उलटी घातलेली भलीमोठी लोखंडी टोपी. खाली गॅस तयार झाला की टोपी वर उचलली जाते, गॅस वापरला की खाली बसते. बाजूला सेंटीमीटरची पट्टी रंगवलेली. आम्ही आलो त्या दिवशी टोपी ब्याण्णव सेंटीमीटरवर होती. पाहुणघराच्या शेगड्या याच गॅसवर चालायच्या. टाकीचा खड्डा मावशींनी खणला होता, टोपी मावशींनी जोडली होती, पट्टीवरचे आकडेसुद्धा त्यांच्याच हातचे.

मावशी तिथे चाळीस मिनिटं बोलल्या. टाकीकडे बोट, पाहुणघराकडे बोट, मग आमच्याकडे बोट, मग स्वतःच्या पोटाकडे, पुन्हा टाकीकडे. आमच्यात त्यांची भाषा येणारा एकच होता. आम्ही त्याला दुभाष्या म्हणायचो. तो दोन वर्षं संध्याकाळच्या वर्गात ती भाषा शिकला होता आणि त्याचं भाषांतर म्हणजे पोतंभर साखर आत घ्यायची आणि चिमूटभर बाहेर द्यायची. चाळीस मिनिटांनंतर आम्ही सगळे त्याच्याकडे बघू लागलो. त्यानं घसा साफ केला.

"त्या म्हणतात, इथे काहीही वाया जात नाही."

एवढं बोलून तो पाणी प्यायला गेला.

नंतर जेवताना त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, आणि ती मात्र नीट सांगितली. आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या रविवारी डोंगरापलीकडच्या गावातून सात जण जेवायला येणार होते. ते जेवण फक्त टाकीच्या गॅसवर शिजणार होतं. जेवण पसंत पडलं तर ते गाव स्वतःची टाकी बांधणार, नाहीतर शहरातून गॅसची पाइपलाइन घेणार. त्या सात जणांना एकदा जेवायला आणण्यासाठी मावशी सहा वर्षं त्यांच्या मागे लागल्या होत्या.

इथे काहीही वाया जात नाही! मी हे वाक्य मनावर घेतलं. त्याच रात्री जेवणानंतर मी योजना मांडली: आपला गट कचरा करणार शून्य ग्रॅम. कमी नव्हे, शून्य. मॅडमना योजना इतकी आवडली की त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवसापासून बटाट्याची सालं भाजीत, कोबीचे दांडे सुपात, गाजराची पानं चटणीत, आणि यातून जे सुटलं ते पैलवानात. ताटं पुसून इतकी लख्ख व्हायची की मुली त्यात बघून केस नीट करायच्या. मोरीखाली उष्ट्याखरकट्यासाठी एक बादली ठेवलेली होती. मी ती रोज संध्याकाळी वजनकाट्यावर ठेवायची, रिकाम्या बादलीचं वजन वजा करायची आणि भिंतीवरच्या फळ्यावर मोठ्ठं शून्य काढायची. मावशी येता-जाता ती शून्यं बघायच्या. चौथ्या शून्याला त्यांनी माझा गाल ओढला. मला वाटलं, पदवीदान समारंभात मिळालं नाही ते इथे मिळालं.

आता एक नाजूक विषय. पाहुणघराचं संडास स्वच्छ होतं, हवेशीर होतं, खिडकीतून डोंगर दिसायचा. पण तिथे नळ नव्हता. तांब्या नव्हता, डबा नव्हता, पाण्याचा थेंब नव्हता. कागदाची गुंडाळी होती आणि डोंगर होता.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी आहे, संस्कृतींमधल्या फरकांचा मी आदर करते. पण आदर वेगळा आणि सकाळ वेगळी. गावापासून वीस मिनिटांच्या चालीवर हमरस्त्याला एक पेट्रोल पंप होता आणि तिथल्या संडासात नळ होता, हे मी पहिल्या संध्याकाळीच बसमधून हेरून ठेवलं होतं. रोज पहाटे मी बूट घालायची आणि कुणी विचारलंच तर सांगायची, दवाचं प्रमाण मोजायला चालले.

एक सांगायला हवं, आमचा गट शिस्तीत कुणाला हार जाणारा नव्हता. घरी दहा वाजता उठणारी ही मुलं इथे पहाटेच गायब व्हायची! कुणी पक्षी बघायला, कुणी धावायला, कुणी सूर्योदयाचे फोटो काढायला. मॅडमसुद्धा रोज प्राणायामाला बाहेर पडायच्या. पैलवान म्हणायचा की तो चिंतन करायला जातो. गावातले लोक खिडकीतून बघून कौतुकानं माना हलवायचे. मला तर अभिमानानं भरून यायचं. आईचा रोज फोन यायचा आणि रोज तिचा पहिला प्रश्न एकच असायचा, पोट साफ होतंय ना गं? मी म्हणायची, अगदी. यात खोटं काही नव्हतं.

आणि इकडे टोपी खाली बसू लागली.

ब्याण्णवची सत्तर झाली, सत्तरची एक्कावन्न. सकाळ-संध्याकाळ पट्टी वाचायचं काम मी आपणहून घेतलं होतं, त्यामुळे आलेख माझ्याकडे होता, आणि तो आलेख घसरगुंडीसारखा दिसत होता. मी तो मावशींना नेऊन दिला. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्यांनी एकच निदान केलं: गळती. टाकी तर त्यांनी जोडलेली, तिच्यात दोष कसा असेल, म्हणजे नळीत असणार.

मग आम्ही गळती शोधायला लागलो. साबणाचा फेस करून टोपीच्या प्रत्येक सांध्याला लावला. बुडबुडा नाही. मावशी म्हणाल्या, नळी खणून काढू. टाकीपासून स्वयंपाकघरापर्यंतचा चर आम्ही चौदा जणांनी दोन दिवसांत खणला. उन्हात, कुदळीनं, गाणी म्हणत! मॅडमनी आमचे फोटो काढून कॉलेजला पाठवले. प्राचार्यांचं उत्तर आलं, तुमचा अभिमान वाटतो. नळी सापडली, ती अखंड होती. एखाद्या नवजात बाळासारखी गुळगुळीत. टोपी तेहेतीसवर.

मग मावशींना स्वतःबद्दल शंका आली. आयुष्यात पहिल्यांदाच येत असावी, कारण ती त्यांना नीट करता येईना. टोपीच्या आतला एखादा सांधा मीच कच्चा सोडला असेन, असं त्या स्वतःशी पुटपुटत होत्या. दुभाष्यानं ते आम्हाला सांगितलं आणि त्या रात्री कुणीच गाणी म्हटली नाहीत. टोपी बारावर आली तेव्हा शेगड्या बंद करून आम्ही गावाच्या सामायिक स्वयंपाकघरात लाकडावर रांधायला लागलो. मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी अंघोळ केलेली नव्हती, केसांत माती होती. त्या मोजकंच बोलल्या, म्हणून दुभाष्यानं सगळं सांगितलं.

"त्या म्हणतात, पलीकडच्या गावाला फोन करून येऊ नका म्हणून सांगते. टाकी माझीच चुकली."

मी म्हटलं, एक दिवस थांबा. का म्हटलं ते ठाऊक नाही. माझ्याकडे काही उपाय नव्हता, फक्त आलेख होता.

त्या विचारात मला झोप लागायला उशीर झाला आणि सकाळी जाग यायला. नेहमीपेक्षा तासभर उशिरा मी दवाचं प्रमाण मोजायला निघाले. पंपाजवळच्या वळणावर आले आणि जागच्या जागी थिजले.

पंपाच्या संडासासमोर रांग होती.

सगळ्यात पुढे पक्षीनिरीक्षण, मग धावणं, मग सूर्योदय. सूर्योदयाच्या हातात कॅमेराही नव्हता. मागे पैलवान चिंतन करत उभा होता, दोन्ही पाय आलटून पालटून उचलत. मला बघून सगळे एकदम आकाशाकडे बघू लागले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर भर सकाळी पडलं होतं! तेवढ्यात संडासाचं दार उघडलं आणि आतून प्राणायाम बाहेर आला.

"छान हवा आहे," मॅडम म्हणाल्या.

रांगेत उभं राहून मी दुभाष्याला विचारलं, तू पण? तो म्हणाला, पहिल्या दिवसापासून. मग पंपवाला बाहेर आला, हात जोडून काहीतरी तावातावानं बोलू लागला, आणि दुभाष्या लाल होत ऐकत राहिला. पंपवाल्याचं म्हणणं असं होतं की तुम्ही लोक फार सभ्य आहात, रोज बिस्किटं विकत घेता, पण इतक्या वर्षांत माझी मैल्याची टाकी कधी भरली नव्हती, ती काल भरली, आता उपसायला गाडी बोलवावी लागतेय.

इथे माझ्या डोक्यात काहीतरी खट्कन जुळलं. वस्तुमान नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलतं, हे मी पहिल्या वर्षी पहिल्या तासाला शिकले होते. एका टाकीत भरपूर आहे. दुसऱ्या टाकीत काही नाही. मी दुभाष्याचा दंड धरला आणि त्याला म्हटलं, पहिल्या दिवशी मावशी चाळीस मिनिटं बोलल्या ते सगळं आठव. चिमूट नको, पोतं दे.

त्यानं डोळे मिटले आणि एकेक वाक्य बाहेर काढलं. टाकी शेणावर चालते. पण उन्हाळ्यात गाई वरच्या कुरणावर जातात आणि तीन महिने परत येत नाहीत. त्या दिवसांत टाकीला खाणं कमी पडतं. म्हणून आम्ही बरोबर त्याच दिवसांत पाहुण्यांना बोलावतो. त्यांच्या स्वयंपाकघरातली बादली आणि त्यांचं संडास, दोन्हीची वाट सरळ टाकीत जाते.

"आणि आपली निवड कशी झाली, तेही त्या म्हणाल्या होत्या," दुभाष्या डोळे न उघडता म्हणाला. "एकशे बारा गटांत आपला गट सगळ्यात मोठा होता."

एक ट्रक गेला.

म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा! आम्ही कुदळी घेऊन गळती शोधत होतो आणि गळती आम्हीच होतो. गोठ्यातल्या गाईंच्या जागी आमची नेमणूक झाली होती आणि आम्ही एकही दिवस कामावर गेलो नव्हतो. वर माझी योजना! संडास बंद ते बंद, बादलीही मी रिकामी ठेवली, आणि त्याच्या पावत्या म्हणून फळ्यावर शून्यं काढली. मावशींना वाटत होतं की बादली रोज टाकीत रिकामी होते, म्हणून शून्य.

आता हे मावशींना सांगायचं कुणी, यावर परतीच्या वाटेवर खल झाला. मॅडम म्हणाल्या की विषय नाजूक आहे, तेव्हा गटप्रमुखानं सांगावं. गटप्रमुख मी. मी म्हटलं की भाषेचा प्रश्न आहे, तेव्हा दुभाष्यानं सांगावं. दुभाष्या म्हणाला की त्याला या विषयावरचे शब्द वर्गात शिकवलेले नाहीत. शेवटी मी सांगितलं. आलेख दाखवला, बादलीकडे बोट केलं, माझ्या पोटाकडे बोट केलं, मग पेट्रोल पंपाच्या दिशेनं, आणि शेवटी हातानं नळ सोडल्याची खूण केली. मावशींना समजायला भाषांतराची गरज पडली नाही.

त्या मटकन चराच्या काठावर बसल्या. त्यांचे खांदे हलू लागले. पैलवान घाबरून पाणी आणायला धावला. पण त्या रडत नव्हत्या. हसून हसून त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मधूनमधून त्या टोपीवर थापा मारत होत्या, परीक्षेत पास झालेल्या मुलीच्या पाठीवर मारतात तशा. सांधे पक्के होते! जोडणी पक्की होती! मग त्यांनी डोळे पुसले आणि एक प्रश्न विचारला.

"अरे, पण पाणी मागायला काय झालं होतं?"

त्यांनी तिथल्या तिथे हिशेब केला: माणशी एक लिटर पाणी टाकीला चालतं, उलट मिश्रण घट्ट होऊ नये म्हणून थोडं पाणी वरून ओतावंच लागतं. तासाभरात संडासात बादली आणि डबा आला. आठवडाभर आम्ही डोंगर-दऱ्या पालथ्या घातल्या, त्याचं मूळ एका डब्यात होतं.

रविवारला पाच दिवस होते. चर बुजवायला एक सकाळ गेली. पंपवाल्याला वाईट वाटलं, बिस्किटांचा खप पडला. उपाशी माणसाला एकदम पक्वान्नांचं ताट वाढत नाहीत, तसं टाकीला बेतानं भरवायचं होतं. ते काम मी घेतलं. बटाट्याची सालं आता बारीक चिरून, तोलून, पाण्यात कालवून टाकीत जायची. गावातल्या तेवीस घरांमधून आम्ही उष्टं मागून आणलं. मॅडम स्वतः दारोदार बादली घेऊन फिरल्या. सगळ्यात मोठा त्याग पैलवानाचा! त्याला ताटात अर्धी भाकरी टाकायची सक्ती झाली. पहिल्या दिवशी तो ती बादलीपर्यंत घेऊन गेला आणि वाटेत त्यानं ती खाल्ली. दुसऱ्या दिवशी मॅडम त्याच्याबरोबर गेल्या.

बाकीच्या कामगिरीबद्दल मी एवढंच सांगेन की कुणी मागे राहिलं नाही. न्याहारीच्या टेबलावर एकमेकांची चौकशी होऊ लागली. आधी कुजबुजत, मग उघडपणे. ज्याचं काम झालं असेल त्याच्यासाठी टाळ्या. आईनं फोनवर नेहमीचा प्रश्न विचारला तेव्हा मी म्हटलं, आई, आज पहिल्यांदा तुझ्या या प्रश्नाला सार्वजनिक महत्त्व आलंय. ती म्हणाली, म्हणजे काय ते मला सांगू नकोस.

टोपी बारावर अडून राहिली होती. मग पंधरा. मग एकवीस, चौतीस. शनिवारी संध्याकाळी अठ्ठेचाळीस! मावशींच्या मते एक मोठं पातेलं शिजायला पन्नास लागतात. दोन सेंटीमीटर कमी होते.

रविवारी सात पाहुणे आले. त्यांचा म्होरक्या गवंडी होता, जाड मिशांचा, प्रत्येक भिंतीवर टिचकी मारून बघणारा. त्यानं टाकीवरही टिचकी मारली आणि आत आला. नऊ किलो बटाट्यांचं पातेलं शेगडीवर चढलं, मावशींनी काडी ओढली, आणि निळी ज्योत लागली. मग मावशींनी भाषण केलं. दुभाष्या या वेळी शब्दन् शब्द सांगत होता, आणि मला वाटलं, त्यानं जुनी पद्धतच ठेवली असती तर बरं झालं असतं. कारण मावशींनी आम्हाला एकेकाला उभं केलं. गाई नसताना या मुलांनी टाकीला कसं वाढवलं, कुणी किती मनापासून हातभार लावला, सगळं सांगितलं. सात अनोळखी माणसांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमना दोनदा उभं राहावं लागलं. माझे कान तापले होते, पण खरं सांगते, मान ताठ होती. तसे पाहुणे त्या गावात आजवर झाले नव्हते, असं मावशी म्हणाल्या. मी बसमध्ये म्हटलं होतं तेच, फक्त कारण वेगळं.

इकडे टोपी उतरत होती. तीस. एकवीस. मी खिडकीतून आकडा वाचून मॅडमना बोटांनी दाखवत होते. गवंड्यानं सुरी काढून बटाट्यात खुपसली. अर्ध्यातच अडली. त्यानं मिशीवरून हात फिरवला आणि मावशींकडे पाहिलं. चौदा. मावशी हसतमुखानं भट्टीतल्या विटांबद्दल बोलत होत्या, पण त्यांनी टेबलाची कड बोटं पांढरी पडेपर्यंत धरली होती. अकरा. सहा वर्षं आणि अकरा सेंटीमीटर!

तेवढ्यात गवंडी दुभाष्याच्या कानाला लागला. त्याला संडास कुठे आहे ते हवं होतं.

पंधरा चेहरे त्याच्याबरोबर दारापर्यंत वळले. पैलवानानं त्याला अदबीनं दार उघडून दिलं. शास्त्र सांगतं की इतक्या लवकर गॅस तयार होत नाही, त्याला निदान काही तास लागतात, हे मी सगळ्यांना दबक्या आवाजात समजावून सांगितलं. कुणीही ऐकलं नाही. मॅडमनी तर डोळे मिटून घेतले होते.

गवंडी परत आला. हात पुसत पातेल्यापाशी गेला, पुन्हा सुरी काढली, सगळ्यात मोठा बटाटा निवडला आणि खुपसली. सुरी मुठीपर्यंत आत गेली. त्यानं तो बटाटा तिथेच उभ्यानं फुंकर मारत खाल्ला, मावशींकडे बघून मान हलवली, आणि आपल्या माणसांना हात वर करायला सांगितले.

हात: सात. टोपी: चार सेंटीमीटर.